आदाम, हव्वा आणि ते फळ

आदाम आणि हव्वा यांची गोष्ट मराठीला काही नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने ती मराठी ओवीत गुंफली, आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापून निघाले. तरीसुद्धा आज विचाराल तर लोक काय सांगतील? सफरचंद, सैतान, आणि बायकोचे ऐकून फसलेला बिचारा नवरा!

आता बायबलातले ‘उत्पत्ती’ हे पहिलेच पुस्तक उघडून तिसरा अध्याय पाहा. अवघी २४ वचने. त्यात फळाचे नाव नाही. सफरचंद दिले ते युरोपच्या चित्रकारांनी. सैतानाचेही नाव नाही. आहे तो एक धूर्त सर्प. फार काय, ‘पाप’ हा शब्दसुद्धा तेथे येत नाही, तो येतो पुढच्या अध्यायात, काइनाच्या गोष्टीत.

आणि नवरा? मूळ हिब्रू वचन म्हणते की तो तिच्याबरोबरच होता. देवाची आज्ञा मिळाली होती त्याला, हव्वा तेव्हा जन्मायची होती. देवाने म्हटले होते, खाऊ नका. सर्पाला सांगताना हव्वा म्हणते, शिवायचेही नाही! हे वाढीव कलम कोणी घातले, ग्रंथ सांगत नाही. पण शिक्षकमंडळींच्या हे लगेच ध्यानात येईल. वर्गात सांगितलेले घरी पोचेपर्यंत कसे बदलते, ते त्यांना ठाऊकच आहे की!

फळ खाल्ल्यावर दोघे झाडीत लपतात. देव हाक मारतो, विचारपूस करतो. आदाम म्हणतो, तूच दिलेल्या या बाईने मला दिले. म्हणजे एका दमात बायकोवर आणि देवावरही ठपका! ती सर्पाकडे बोट दाखवते. मला वाटते, आज्ञाभंगाइतकीच ही टोलवाटोलवी गोष्टीच्या मुळाशी आहे. पुढे नव्या करारातील एका पत्रात फसली ती स्त्री, असे लिहिले गेले, आणि त्याच्या आधारे शतकानुशतके बायकांना गप्प बसवले. आदामाचेच बोलणे पुढे चालवले म्हणायचे!

अर्थ लावणाऱ्यांतही एकमत नाही. इ. स. ४३० मध्ये वारलेले संत ऑगस्टीन म्हणत, त्या एका अपराधाचा वारसा साऱ्या मानवजातीला आला. त्यांच्याआधी, दुसऱ्या शतकातले संत आयरेनियस या दोघांना अजाण लेकरे समजत. कुराणात दोघेही क्षमा मागतात आणि अल्ला ती करतो.

शेतकरी बंधूंनी मात्र आणखी एक वचन पाहावे. शाप मिळतो सर्पाला आणि जमिनीला; काटे-कुसळे उगवतील, घाम गाळून भाकरी खाशील, असे आदामाला सांगितले जाते, पण त्याला स्वतःला वा हव्वेला ‘शापित’ म्हटलेले नाही. आदाम हे नावच हिब्रूतल्या मातीच्या शब्दाशी जुळते. दोघांनी अंजिराची पाने शिवून अंग झाकले होते. बागेबाहेर घालवण्यापूर्वी देव त्यांना चामड्याची वस्त्रे करून देतो, आणि स्वतः नेसवतो.