न तोडलेल्या वर्षांचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही दोन परक्या पिकांची गोष्ट सांगणार आहोत. रुबार्ब आणि रास्पबेरी. कोणी रोपे मागू नयेत. आपल्या कपाशी-ज्वारीच्या रानात ती जगायची नाहीत. रुबार्बला कडाक्याची थंडी लागते आणि आपला वैशाख त्याला सोसत नाही. रास्पबेरी निदान महाबळेश्वरच्या डोंगरावर मिळते, आपल्या काळ्या रानात तीही नाही. तरीही गोष्ट सांगायची, कारण विलायतेत परसबागवाला आणि बाजारासाठी पिकवणारा शेतकरी एकाच मुळाचा हिशेब दोन तऱ्हांनी मांडतात. त्यात आपल्या कामाचे बरेच काही आहे.

परसातला गड्डा

इंग्लंडात शहरातल्या माणसालाही भाजीपाल्यापुरती जमीन भाड्याने मिळते. १९०८ च्या कायद्याने ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. एका वाफ्याचे जुने माप साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. त्यात बटाटा, कोबी आणि कोपऱ्यात रुबार्बचे दोन-चार गड्डे.

रुबार्ब म्हणजे अळूसारखे रुंद पान आणि लालसर जाड देठ. देठ आंबटढाण, साखर घालून शिजवतात. पान मात्र विषारी. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई झाली तेव्हा पानांची भाजी खा, असा सल्ला तिकडे दिला गेला आणि माणसांना विषबाधा झाली. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे आपल्याला पोराटोरापासून ठाऊक असते. सल्ला देणाऱ्यांना पिकाची एवढीही ओळख नव्हती. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रेवाचिनी मिळते, ती याच्याच भावकीतली. तिथे मूळ औषधाला, इथे देठ खायला.

आता लागवड बघा. थंडीत भरपूर शेणखत घालून गड्डा लावायचा, दोन गड्ड्यांत सुमारे तीन फूट अंतर. पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही. दुसऱ्या वर्षी चवीपुरते. खरी तोडणी तिसऱ्या वर्षापासून. तेव्हासुद्धा निम्मे देठ झाडावर ठेवायचे आणि भर उन्हाळ्यात तोडणी थांबवायची. फुलाचा दांडा दिसला की काढून टाकायचा. का? पान उन्हात अन्न तयार करते आणि ते गड्ड्यात साठते. गड्डा हे भांडवल, देठ हे व्याज. व्याजावर भागवले तर तोच गड्डा दहा वर्षे खायला घालतो, आणि पाच-सहा वर्षांनी फोडला की एकाचे तीन-चार होतात.

बाजारातला गड्डा

यॉर्कशायरमध्ये वेकफील्ड, मॉर्ले आणि रॉथवेल या गावांच्या त्रिकोणात रुबार्ब बाजारासाठी होतो. तिथला शेतकरी गड्डा दोन वर्षे शेतात वाढवतो. एक देठ तोडत नाही. जवळच्या लोकर गिरण्यांतला टाकाऊ कचरा खत म्हणून घालायचा, अशी तिथली जुनी रीत. मग हिवाळ्याची हिमे अंगावर घेतलेला गड्डा खणून काढतात आणि अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये मांडतात. तिथे ऊन नाही. साठवलेल्या अन्नावरच देठ फुटतात, कोवळे आणि गुलाबी. उजेडाने रंग बिघडू नये म्हणून तोडणी मेणबत्तीच्या प्रकाशात. हा माल ऐन थंडीत, बाजारात दुसरे काही ताजे नसताना येतो. म्हणून भाव खातो.

पण एका हंगामात गड्डा संपतो. पुन्हा लावण्याच्या लायकीचा राहत नाही, खतात जातो. म्हणजे विकले एका थंडीचे पीक आणि त्यात खर्ची पडली दोन उन्हाळ्यांची न तोडलेली कमाई. भावात ती दोन वर्षे धरली नाहीत तर शेतकरी माल विकत नाही, मूळच विकतो.

पुढे काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी फळांची आवक वाढली, लोकांची आवड बदलली आणि रुबार्ब मागे पडला. एकेकाळी या भागात सुमारे दोनशे उत्पादक होते, ते डझनभरावर आले. २०१० साली युरोपीय संघाने इथल्या रुबार्बच्या नावाला संरक्षण दिले. पण नाव टिकले म्हणून गेलेले शेतकरी परत आले नाहीत. परसातला गड्डा मात्र जागेवर राहिला, कारण त्याला कोणाच्या भावाची वाट पाहायची नव्हती.

रास्पबेरीची वेचणी

रास्पबेरीचा हिशेबही वर्षांचाच. उन्हाळी जातीत या वर्षी फुटलेली काडी पुढल्या वर्षी फळते आणि मरते. फळ संपले की ती बुडापासून छाटायची, नव्या सहा-आठ काड्या तारेला बांधायच्या. ओळख पटली नाही आणि नवी काडी छाटली, तर पुढचे वर्ष रिकामे. शरद ऋतूत फळणारी जात सोपी. थंडी संपताना सगळ्या काड्या जमिनीलगत कापायच्या. पाणी साचले की मुळे कुजतात.

परसात हे फळ वेचतात आणि खातात. बाजारासाठी मात्र स्कॉटलंडात ब्लेअरगाउरीच्या शिवारात ते हातानेच वेचावे लागले. फळ पोकळ, नाजूक, दोन-तीन दिवसांत उतरणारे. एकेकाळी डंडी शहरातली बायकापोरे वेचणीला जात. कपाशी वेचणाऱ्याला यातली मेख सांगायला नको. माल तयार आहे, मजूर नाही, आणि भाव दुसऱ्याच्या हातात.

आपली वही

तेव्हा भावांनो, आपल्या रानातली न तोडलेली वर्षे मोजा. संत्र्याची बाग फळावर येईपर्यंत चार-पाच वर्षे पोसावी लागते. गोऱ्हा जुंपण्याजोगा होईपर्यंत दोन-तीन वर्षे चारा खातो. हिरवळीच्या खतासाठी रान एक हंगाम गुंतते. हे सगळे खर्च पिकाच्या हिशेबातून गळतात, कारण त्या वर्षी बाजारात काही गेलेले नसते.

घरी गेल्यावर वहीत दोन पाने करा. एक घरच्या खाण्याचे: वाफ्यातली भाजी, धुऱ्यावरची तूर, दारचा शेवगा. दुसरे विक्रीच्या मालाचे. दुसऱ्या पानावर बी, खत, मजुरीच्या खाली एक ओळ वाढवा: वाट पाहिलेली वर्षे. मायबहिणींनी ही ओळ आपण होऊन भरावी. त्या वर्षांत घर कशावर चालले हे त्यांनाच नेमके माहीत असते. पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. उत्पादन खर्चाची मागणी मांडताना त्या ओळीचा आकडा आपल्या हातात असला पाहिजे.