धूम्रपान, मेंदू आणि औषधे

(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



तंबाखूने कर्करोग होतो, हे आपण मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत आणि ते योग्यच आहे. परंतु दोन गोष्टी आपल्या पाठात सहसा येत नाहीत. विडी ओढणाऱ्याला ती सोडवत का नाही, ही एक. आणि विडीचा धूर रोग्याच्या औषधाचे प्रमाण बिघडवितो, ही दुसरी. आज या दोहोंचाच विचार करावयाचा आहे.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप पोचवितात तो रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. अ‍ॅसिटिलकोलिन हे त्यांपैकी एक. ते पेशीवरील ज्या जागी बसते, त्यांपैकी काही जागी तंबाखूतील निकोटिनही बसते. एका कुलपाला दुसरीच किल्ली लागावी तसे. झुरका घेतल्यापासून सुमारे १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते आणि तेथे डोपामिन नावाचे द्रव्य स्रवू लागते. भुकेल्याला अन्न मिळाले, मुलाला अवघड गणित सुटले, म्हणजे 'हे पुन्हा करावे' असा जो ठसा मनावर उमटतो, त्यात या द्रव्याचा मोठा वाटा असतो. दिवसाच्या २० विड्या आणि प्रत्येकीचे १० झुरके धरले, तर हा ठसा दिवसातून २०० वेळा उमटतो. इतकी उजळणी आपण कोणत्याही पाढ्याची करून घेत नाही!

पुढे मेंदू निकोटिनला सरावतो. ते वेळेवर न मिळाले की चिडचिड होते, चित्त लागत नाही, झोप बिघडते. 'विडीने डोके शांत होते' असे ओढणारा म्हणतो. पण ते अशांत होते तेही बहुधा विडीच्याच अभावी. शिवाय डोपामिनसारख्या द्रव्यांचा निचरा करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर मेंदूत असते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जोआना फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखवून दिले की, या विकराचा एक प्रकार धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत सुमारे शेकडा ४० ने कमी असतो. तेव्हा व्यसन म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. आणि ज्यांच्या मेंदूची घडण अद्याप चालू आहे अशा कुमारवयीन मुलांना ते अधिक लवकर जडते.

आता औषधांकडे वळू. धुरातील डांबरी द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर अधिक जोमाने काम करू लागते आणि काही औषधांचा निचरा लवकर होतो. दम्यावरील थिओफायलिन, तसेच मानसिक आजारांवरील क्लोझापिन व ओलान्झापिन ही त्यांतील प्रमुख. ओढणाऱ्याला अशा औषधाची मात्रा अधिक लागते. पुढे त्याने विडी सोडली, की काही दिवसांतच यकृत पूर्ववत होते आणि तीच मात्रा जास्त ठरते. थिओफायलिन प्रमाणाबाहेर गेले तर उलट्या, छातीत धडधड आणि प्रसंगी झटकेही येतात. चहातील कॅफिनचेही असेच आहे. विडी सोडलेल्या माणसाने चहा पूर्वीइतकाच ठेवला, तर कॅफिन शरीरात अधिक काळ राहते. मग झोप उडते, हात थरथरतात, आणि 'विडी सोडली म्हणूनच हे झाले' असे समजून तो पुन्हा विडी पेटवितो.

याचा अर्थ विडी सोडू नये असा मुळीच नव्हे. सोडावीच, मात्र सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते मात्रा जुळवून देतील. औषध आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नये.

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ४ च्या आत, तर बिनधुराची तंबाखू घेणारे शेकडा २४ हून अधिक आढळले. यकृतावरील हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. पण मेंदूला बांधून टाकणारे निकोटिन मळलेल्या तंबाखूत आणि मिश्रीतही असतेच.

आपण काय करावे? वर्गात व्यसनी पालकांची निंदा करू नये. त्यांच्याच मुलांची मान खाली जाते. मेंदूचे हे कार्य फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील कोणासही तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे; ती पाळली जाते की नाही हे पाहावे. पालकसभेत औषधांची ही गोष्ट अवश्य सांगावी. ज्याला सोडावयाचे आहे त्याला १८००-११-२३५६ हा विनामूल्य मदतीचा क्रमांक द्यावा. आणि आपल्यापैकी ज्यांच्या खिशात पुडी असेल, त्यांनी प्रारंभ स्वतःपासून करावा. मुले पुस्तकाआधी गुरुजींना वाचतात.