सड्यावरची दिपकाडी

आज जरा सड्यावर जाऊया. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बाया म्हणतील, तिथे काय बघायचं? कातळच तो. मे महिन्यात चप्पल घालूनही पाय भाजतात.

पण पहिले दोन-चार पाऊस पडू देत. कातळाच्या खळग्यांत बोट-दोन बोटं माती साठलेली असते, तिच्यातून लसणीसारखी अरुंद पात वर येते. मग सरळ दांडा, आणि त्यावर पांढरीशुभ्र, नळीसारखी फुलं, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली. ही दिपकाडी. शास्त्रातलं पूर्ण नाव दिपकाडी कोंकणेन्स, म्हणजे नावातच कोकण आहे. डालझेल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1850 मध्ये तिची पहिली नोंद छापली. शतावरीच्या कुळातली ही, पण खाली कांदा. पाऊस सरला की पात वाळते, आणि पुढच्या जूनपर्यंत तो कांदा मातीत झोपून राहतो.

धोक्यातल्या वनस्पतींमध्ये हिचं नाव आहे. हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, ‘अहो, आमच्या सड्यावर तर ढिगाने आहे!’ खरं आहे. चांगल्या सड्यावर जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं असतात. मग धोका कसला?

इथे नीट ऐका. एखादी वनस्पती धोक्यात आहे की नाही हे ठरवताना नुसती रोपं मोजत नाहीत. ती किती जागी उगवते, ती जागा केवढी आणि किती दिवस टिकेल, हेही बघतात. गवत कुठेही उगवतं. दिपकाडीला मात्र कोकणातला हा जांभा दगड लागतो, त्यावरची पातळ माती लागते. अभ्यासकांनी पावसात सडे पायी तुडवले तेव्हा ती पूर्वी ठाऊक होती त्याहून जास्त ठिकाणी सापडली, ही चांगली बातमी. पण एका सड्यावर हजार कांदे असले आणि तिथे चिरेखाण सुरू झाली, तर हजारच्या हजार एका हंगामात संपतात. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडतात, वर घालायला आजूबाजूची माती खरवडून आणतात. त्या मातीबरोबर कांदेही जातात.

चिरेखाण वाईट, आंबा वाईट, असं मी म्हणणार नाही. आपली घरं चिऱ्याचीच आहेत आणि कित्येक घरांची चूल खाणीतल्या मजुरीवर पेटते. माझा राग आहे तो ‘पोटखराबा’ या शब्दावर. सातबाऱ्यावर सडा पोटखराबा, म्हणजे जणू तिथे काही नाहीच! बघायला येणारा माणूसही उन्हाळ्यात येतो, गाडीतून उतरून काळा कातळ बघतो आणि ‘ओसाड’ लिहून जातो. कांदा तेव्हा त्याच्या बुटाखाली असतो. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, आणि सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्या-विहिरींत उतरतं. हंडे आपण भरतो, तेव्हा हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? कांदे उपटून कुंडीत लावू नका. हौस समजते, पण कुंडीतली दिपकाडी सड्यावरच्या हिशेबात धरत नाहीत, आणि सड्यावरची मात्र कमी होते.

त्यापेक्षा नोंद करा. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे. त्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. 2004 च्या नियमांत या समितीवर किमान एक-तृतीयांश बाया असाव्यात असं लिहिलं होतं. आपल्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. कधी कधी ज्या बाईचं नाव असतं, तिलाच ते माहीत नसतं! नोंदवहीत लिहिलं म्हणजे खाण थांबते असं नाही, आणि बरेचसे सडे खासगी मालकीचे आहेत. पण जमिनीचा विषय निघाला की दाखवायला गावाकडे कागद असतो, आणि मालकाशी ‘एवढा तुकडा सोडा’ असं बोलता येतं.

नोंद पावसातच घ्या. गुरांमागे जाल तेव्हा बघा. कुठला सडा, कुठल्या बाजूला, किती पावलांच्या जागेत, फूल कुठल्या तारखेला दिसलं. तुमच्या वाडीत तिला जे म्हणत असतील ते नाव आधी लिहा, शास्त्रातलं नंतर. मोबाईलवर फोटो काढा, पण पानासकट, नुसत्या फुलाचा नको.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते. दिपकाडीचा बहर तोवर ओसरलेला असेल, पण फोटो आणि वही तुमच्या हातात असेल. हा विषय त्या सभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.