पेटीपुढची ठवणी

लांज्याच्या आसपास भजनाला बुवा बसतात ते मांडी घालून, पेटीपुढे. समोर वही हवी असेल, तर पोथीची जुनी लाकडी ठवणी त्या बैठकीला नेमक्या उंचीची. पाश्चात्त्य धाटणीचं पितळी स्टँड मूळचं खुर्चीवर बसून किंवा उभ्यानं वाजवणाऱ्यांचं; गोव्यात चर्चच्या संगीतशाळांमुळे तशी वादनाची रीत रुळली. सतरंजीवर मात्र ते बहुधा उंचच पडतं.

उत्तम ठवणी एकाच फळीतून कोरलेली असते. बिजागरीही लाकडाचीच, खिळा नाही. घेताना उघडून-मिटून पाहा. बिजागरीपाशी चीर नको. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर कीड अजून आत आहे. मग नक्षी कितीही देखणी असो, माझं मत विचाराल तर सोडून द्या.

आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, बिजागरी आवळते. जोर लावू नका, उघडीप येऊ द्या. पुसायला कोरडं सुती कापड पुरे. खोबरेल हाताशी असतं खरं, पण ते वाळत नाही, धूळ धरतं. जवसाचं तेल वाळतं. त्याचा पातळ हात द्या. फक्त तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा.