जाणत्याचा हात

या किनाऱ्यावर न्याहारी निवास, पर्यटनाच्या होड्या, काजू-कोकमाचे उद्योग चालवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

भांडवल, परवाने, जाहिरात यांवर दिवसभर बोलणं होणारच आहे. मला बोलायचं आहे ते धंद्यात पाठीशी असणाऱ्या जाणत्या माणसाबद्दल.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, सावंतवाडीच्या गंजिफाचं. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगवलेल्या 120 पानांच्या दशावतारी गंजिफाला गिऱ्हाईक उरलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे ती पुरती जाणणारे वृद्ध कारागीर. राणी सत्त्वशीलादेवी भोसले त्यांच्याकडे शिकल्या. राजघराण्यातल्या बाईने कारागिराला गुरू मानावं, ही मला या साऱ्या हकिगतीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढे त्यांनी आणि त्यांचे पती शिवरामराजे यांनी राजवाड्यातच कारखाना उभा केला, तरुण कारागिरांना बसवून शिकवलं.

इथे नीट पाहा. चिंचोक्याची खळ, लाखकाम, गोल पानावरची बारीक रेघ हे सगळं चितारींच्या हातात होतं. पण खेळणारेच उरले नसतील तर पानं विकायची कुणाला, याचं उत्तर त्या हातात नव्हतं. ते राजवाड्याने शोधलं. पानांवरची चित्रं डब्यांवर, पाटांवर, घरातल्या लाकडी सामानावर आली, पानांचे संच संग्राहकांकडे गेले. काम शिकवणारा एक आणि बाजार दाखवणारा दुसरा, असे दोन जाणते एकत्र आले म्हणून ती कला आज पोट भरते आहे. आपल्यापैकी बहुतेकांना पहिला भेटतो. आई, आजी, काका, बोटीवरचा तांडेल काम शिकवतात. दुसऱ्यावाचून आपलं अडतं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनांची सफर घडवतात. खाडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. तीच खाडी बघायला लोक पैसे मोजतील, पाहुण्यांना कुठली झाडं दाखवायची, काय सांगायचं, हे कुणीतरी सोबत राहून दाखवावं लागलं. होडी मात्र त्याच वल्हवतात, आणि ते तसंच असायला हवं.

नव्या उद्योजकांसाठी प्रशिक्षणाची शिबिरं हवीतच. पण खरे प्रश्न शिबिर संपल्यावर येतात. जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या असतात आणि बँकेचा हप्ता चालू असतो. दिवाळीत एकच मोठा गट सगळ्या खोल्या मागतो, भाव पाडून मागतो. शेजाऱ्याने वातानुकूलित खोली बांधली म्हणून आपणही कर्ज काढावं का? अशा वेळी हक्काने फोन करता येईल असा माणूस लागतो. तो सावकार नको, भागीदारही नको. त्याचा आपल्या धंद्यात पैसा नसावा, म्हणजे तो ‘यंदा बांधू नकोस, आधी आहेत त्या दोन खोल्या भरून दाखव’ असं तोंडावर सांगू शकेल. त्याने कौतुक कमी केलं तरी चालेल, हिशेबाची वही मागून पाहावी. आणि शिकणाऱ्याने ती वही खरी दाखवावी. गल्ल्यातून घरखर्चाला काढलेले पैसे लपवले, तर मोठ्यातला मोठा अनुभवी माणूसही काही करू शकणार नाही.

या सभागृहात वीस-वीस वर्षं धंदा केलेली माणसं बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यातला एक नवा उद्योजक निवडा, नात्यातला नको. या ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे हंगाम आणि पावसाळा दोन्ही धरून, महिन्यातून एकदा त्याच्या अंगणात जाऊन बसा. मालवण, वेंगुर्ला आणि देवगड या तिन्ही तालुक्यांच्या वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांत नावं लिहावीत. पहिलं नाव मी मालवणच्या वहीत लिहितो आहे.