बडतर्फीचे नियम आणि कामगारांचा बाजार



कामगाराला कामावर घेताना मालकाला फारशा पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. काढताना मात्र कायद्याने काही पायऱ्या आखून दिल्या आहेत. त्या किती असाव्यात आणि कोणासाठी असाव्यात, हा प्रश्न केवळ वकिलांचा नव्हे. देशातील कामगारांचा बाजार कोणता आकार घेतो, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर ठरते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींच्या शेजारी राहणाऱ्यांना याचे प्रत्यंतर कारखान्याच्या दारातच येते. एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एक कायम असतो, दुसरा कंत्राटदाराचा.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीसंबंधीचे प्रकरण घालण्यात आले. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची सकारण नोटीस किंवा तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देणे बंधनकारक झाले. शेवटी आलेला आधी जाईल, हा क्रमही ठरला. १९६५ मध्ये एकट्या कामगाराची बडतर्फीसुद्धा औद्योगिक विवाद मानली गेली. १९७१ मध्ये अन्याय्य बडतर्फी रद्द करून कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली, आणि १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली.

या नियमांमागील हेतूविषयी वाद संभवत नाही. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज विकण्याजोगे काही नाही, त्याची भाकर एका माणसाच्या लहरीवर टांगलेली असू नये, हे सुसंस्कृत समाजाचे किमान लक्षण होय. तथापि प्रत्येक नियम एक रेषा आखतो आणि रेषा आखली की तिच्या अलीकडे राहण्याची युक्तीही शोधली जाते. २४० दिवसांची रेषा आली, तसा ‘ब्रेक’ही आला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्याने कामगारांना कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक वा हंगामी ठेवणे, ही अनुचित प्रथा ठरवली. सर्रास चालणाऱ्या गोष्टीलाच असे नाव घेऊन मनाई करावी लागते. मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार तर रोज दारात उभा राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहत असे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत त्याला कायम करण्याची मागणीही होती.

पुढे वाटा रुंदावल्या. १९८४ पासून मुदतबंद कराराची मुदत संपणे ही कपात मानली जाईनाशी झाली. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ कारखान्याचे होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. या शतकाच्या आरंभी संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे एकपंचमांश कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे दोनपंचमांश झाले. म्हणजे संरक्षणाची भिंत उभी राहिली खरी, परंतु तिच्या बाहेरची गर्दी वाढत गेली.

मालकपक्षाचे अर्थशास्त्र यावरून एकच निष्कर्ष काढते : भिंत पाडा, रोजगार वाढेल. २००४ मध्ये बेस्ली आणि बर्जेस यांनी कामगारांना अनुकूल दुरुस्त्या करणाऱ्या राज्यांत नोंदणीकृत उद्योग मागे पडला, असे मांडले. त्यांच्या वर्गवारीत महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये कामगार-अनुकूल गटात होती! या दोन राज्यांतील कारखानदारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वर्गवारीविषयी शंका आल्यावाचून राहणार नाही. आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये तिच्यातील दोष सविस्तर दाखवून दिले. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तो १०० ची मर्यादा अमलात आल्यानंतरच. जमीन, वीज, पाणी, बाजारपेठ आणि सवलती यांचा हिशेब गुंतवणुकीत आधी होतो.

मात्र कामगार चळवळीनेही एक सत्य मान्य केले पाहिजे. मिळायला दहा वर्षे लागणारा न्याय कामगाराच्या उपयोगी पडत नाही. या शहरात कामगार न्यायालय आहे, औद्योगिक न्यायालय आहे, १९८१ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठही आहे. न्यायाचे अंतर कमी झाले, काळ मात्र कमी झाला नाही. तारखांवर तारखा पडत असता कामगार थोड्याशा रकमेवर तडजोड करतो आणि हे मालकाला आधीच ठाऊक असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वपरवानगीची मर्यादा पुन्हा ३०० वर गेली, स्थायी आदेशही ३०० कामगारांपासूनच सक्तीचे झाले आणि मुदतबंद नोकरीला उघड मान्यता मिळाली. कपात झालेल्यासाठी पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन मिळेल. पंधरा दिवसांत कोणते कौशल्य येते, हे संहितेने सांगितलेले नाही. भिंतीबाहेरच्यांना आत घेण्याऐवजी आतल्यांनाच बाहेर काढून ही समता साधली जात आहे.

यावरचा मार्ग मर्यादेचा आकडा खालीवर करण्यात नाही. संरक्षण हजेरीपटाच्या लांबीला न जोडता काम करणाऱ्या माणसाला जोडले पाहिजे. कायम असो वा कंत्राटी, समान कामाला समान वेतन मिळाले, तर कंत्राटदार ठेवण्यातला नफाच नाहीसा होईल. आरोपपत्र, निःपक्षपाती चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी हे हक्क दहा कामगारांच्या कारखान्यातही असले पाहिजेत. आणि बडतर्फीच्या दाव्याचा निकाल एका वर्षात लागला पाहिजे, त्यासाठी न्यायाधीशांची पदे भरली पाहिजेत. कायम कामगारांच्या संघटनांनी कंत्राटी कामगारांना सभासद करून घेतल्याखेरीज मात्र यांपैकी एकही मागणी पदरात पडणार नाही. कामाची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी.