मार्क सोमवारी विचारा



स्नेहसंमेलनात पाहुण्याचं भाषण म्हणजे नाच सुरू होण्याआधीची अडचण, हे मला माहीत आहे. मी नांदेडचा डॉक्टर. थोडं बोलतो आणि बाजूला होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली. घरातल्या मोठ्यांना विचारा. ती पहाट ते सांगतीलच, पण पुढचे महिनेही सांगतील. घर शाबूत असूनही माणसं अंगणात, रानात झोपायची. जरा हादरलं की लेकरं उचलून बाहेर! पुढे ५२ गावं नव्या जागी वसली, घरं भूकंपात टिकतील अशी बांधली. छातीतल्या धडधडीचं पुनर्वसन मात्र कुठल्याच आराखड्यात नव्हतं. १० जुलै २०२४ला सकाळी हिंगोलीकडचा ४.५ रिश्टरचा धक्का नांदेडात जाणवला, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात आधी रस्त्यावर आले ते किल्लारी पाहिलेले म्हातारे.

त्याच १९९३ साली अमेरिकेत ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. भीती वाटली की रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. धोका टळला की सगळं उतरतं. शरीराला हे झेपतं. पण तीच भीती पुन्हा पुन्हा आली, उतरायला उसंतच मिळाली नाही, तर शरीर झिजत जातं, असं त्यांनी मांडलं.

आता आपल्या लातुरातली मेडिकलच्या तयारीची पोरं बघा. रविवारी टेस्ट, मग मार्क, लगेच घरचा फोन. मी टेस्टच्या विरोधात नाही. त्या नसत्या तर मराठवाड्याला इतके डॉक्टर कुठून मिळाले असते? एका टेस्टनं कुणाचं काही बिघडत नाही. पण सलग दोन वर्षं, खोलीवर एकट्यानं गिळलेली तीच ती धास्ती! तिच्यानं भिंती पडत नाहीत, म्हणून तिचा पंचनामा होत नाही. माझ्याकडे अशी पोरं येतात. पोट दुखतं, झोप लागत नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

पालकहो, रविवारी फोन जरूर करा, पण मार्क सोमवारी विचारा. रविवारी मेसला भाजी काय होती, कुणासोबत जेवलास, एवढंच. आणि लेकरांनो, टेस्ट झाली की रूममेटला घेऊन चहाला उतरा, पेपरची उत्तरं न जुळवता.

विंगेत मंडळी नटूनथटून केव्हाची उभी आहेत. घामानं मेकअप उतरायच्या आत त्यांना येऊ द्या.